घरून काम की ऑफिस? खान्देशातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले किंवा जायच्या तयारीत असलेले, आणि गावी राहून त्याच नोकऱ्या करू पाहणारे, अशा दोघांसाठी ही उत्तरं आहेत. घरून काम चांगलं की वाईट, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नसतं. तुमचं काम कोणतं, नोकरीत किती वर्षं झाली आणि घरात दार लावता येईल अशी खोली आहे का, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

नुकतीच पहिली नोकरी लागली आहे. घरून काम मिळत असेल तर घ्यावं का?

पहिली दोन वर्षं शक्य असेल तर ऑफिसात काढा, असंच आमचं मत आहे. कॉलेजात जे शिकवत नाहीत ते शेजारच्या खुर्चीवरून शिकायला मिळतं: चिडलेल्या क्लायंटला मेल कसा लिहायचा, साहेबांना कुठल्या वेळी अडचण सांगायची, एखादा एरर आला की सीनियर आधी कुठे बघतो. घरून हे विचारायला प्रत्येक वेळी मेसेज टाकावा लागतो, आणि नवीन माणूस संकोचाने टाकत नाही. दोन तासांत सुटणारी गोष्ट मग दोन दिवस अडते.

पाच-सात वर्षं झालेल्याचं गणित वेगळं असतं. ज्याचं काम आपलं आपण उरकतं (प्रोग्रामिंग, टेस्टिंग, अकाउंट्स, डिझाईन, भाषांतर, मेडिकल कोडिंग) त्याला गावाहून काम करायला अडचण कमी. ज्याला माणसं सांभाळायची, मालाची तपासणी करायची किंवा ग्राहकासमोर बसायचं असतं, त्याने पूर्ण घरून कामाचा नाद सोडावा.

घरून काम केलं की काम कमी होतं, असं कंपन्या म्हणतात. खरं काय?

या विषयावर स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांचे दोन अभ्यास सगळ्यात भक्कम आहेत, कारण त्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तुलना केली होती. पहिला चीनमधल्या एका प्रवासी कंपनीच्या कॉल सेंटरमधला, 2015 साली प्रसिद्ध झालेला. नऊ महिने घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. पण त्यात भाग घ्यायला घरात स्वतंत्र खोली असणं ही अट होती, आणि नंतर निवड करायला सांगितल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी आपला निर्णय बदलला. एकटेपणा हे त्यांनी सांगितलेलं मोठं कारण. शिवाय सारखंच काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचं प्रमाण कमी होतं.

दुसरा अभ्यास त्याच कंपनीतला, 2024 साली ‘नेचर’मध्ये आलेला, 1612 कर्मचाऱ्यांवरचा. आठवड्यात दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत किंवा बढतीत काही फरक पडला नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं. म्हणून साहेबांशी बोलायचं असेल तर ‘मला घरून काम द्या’ एवढंच म्हणू नका. ‘मी टिकून राहीन आणि कामात फरक पडणार नाही’ हे सांगा, कारण त्याला आकड्याचा आधार आहे.

पुण्याचा खर्च वाचतो म्हणतात. खरोखर किती हाती राहतं?

खोलीचं भाडं, मेस, बस-रिक्षा आणि दर महिन्या-दीड महिन्याला गावी येण्याचं भाडं, एवढं कागदावर मांडा. समजा खोली वाटून घेऊन 8,000, मेसचे 4,500, जाण्यायेण्याचे 2,500 आणि गावाकडच्या फेरीचे 1,500 धरले, तर महिन्याला 16,500 झाले. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडायची पद्धत हीच.

आता दुसरी बाजू, जी बहुतेक जण मांडत नाहीत. इन्व्हर्टर-बॅटरीचे एकदाचे 20 ते 26 हजार, बरी खुर्ची-टेबल 10 हजार, फायबरचं महिन्याचं बिल, दुसऱ्या कंपनीच्या सिमचं रिचार्ज आणि उन्हाळ्याचं वाढलेलं लाईट बिल. तरी पहिल्या तीन-चार महिन्यांत हे भरून निघतं. पण घरी आलात की घरखर्चातला तुमचा वाटाही ठरवावा लागतो. आई-वडील मागत नाहीत म्हणून न देणं बरं नव्हे. पहिल्याच महिन्यात आकडा ठरवून टाका.

गावी गेल्यावर पगाराच्या कागदपत्रांत काय बदलतं?

पीएफमध्ये काही नाही. बाकी तीन ठिकाणी लक्ष द्या.

घरभाडे भत्ता: जुन्या करप्रणालीत असाल आणि भाडं देत नसाल, तर या भत्त्यावरची (एचआरए) सूट मिळत नाही, पूर्ण रकमेवर कर लागतो. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना भाडं देऊन सूट घेता येते. मात्र पैसे खरोखर बँकेतून गेले पाहिजेत, वडिलांनी ते उत्पन्नात दाखवलं पाहिजे, आणि वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं तर त्यांचा पॅन द्यावा लागतो. गावातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा जवळ ठेवा. नवीन करप्रणालीत ही सूटच नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

ईएसआयसी (कामगार विमा योजना): पगार 21,000 पर्यंत असेल तर दवाखाना पुण्याचाच नोंदलेला राहतो. तो बदलून आपल्या जवळचा करून घ्या. आजारपणात धावपळ करण्यापेक्षा आधी केलेलं बरं.

मेडिक्लेम: कॅशलेस रुग्णालयांची यादी उघडून जळगाव किंवा धुळ्यातलं कोणतं आहे ते बघा. तालुक्याच्या गावात बहुधा नसतं.

लाईटचं काय? आमच्याकडे तर दिवसातून तीनदा जाते.

खान्देशात घरून काम टिकतं की मोडतं ते इथे ठरतं. नेटच्या स्पीडची चर्चा सगळे करतात, लाईटची कोणी करत नाही.

आधी आपलं घर कोणत्या फीडरवर (सबस्टेशनहून येणाऱ्या वीजवाहिनीवर) आहे ते वायरमनला विचारा. गावठाणाचा फीडर वेगळा काढलेला असेल तर लाईट बरीच टिकते. घर मळ्यात, शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री फेज पाळीपाळीने मिळते आणि तिथून कंपनीचं काम करायचं ठरवू नका. गावातल्या भावाच्या घरात एक खोली घ्या. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला मोबाईल जोडून ठेवला की देखभालीसाठी लाईट बंद राहणार असल्याचे मेसेज येतात. तक्रारीला 1912.

मग इन्व्हर्टर. हिशोब असा: लॅपटॉप 60 वॅट, राऊटर 10-12, एलईडी 10, आणि साधा पंखा 75. एकूण 155 ते 160 वॅट. 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी नवीन असताना एवढ्यावर सहा तासांच्या आसपास चालते. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) घेतला तर तो 30 वॅटच्या आसपास खातो, एकूण लोड 115 वर येतो आणि वेळ आठ-नऊ तासांपर्यंत जाते. म्हणजे मोठी बॅटरी घेण्यापेक्षा पंखा बदलणं स्वस्त पडतं. इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा घुमतो आणि तो आवाज थेट कॉलवर जातो.

बॅटरी तीन-चार वर्षांत मरते त्याला बहुधा आपणच कारण असतो. जिन्याखाली बंद जागेत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ती ठेवली जाते. लेड-ॲसिड बॅटरीला 25 अंशांच्या वर साधारण दर 8-10 अंशांना आयुष्य निम्मं होत जातं. घरातली सगळ्यात थंड, हवेशीर भिंत तिला द्या. पाण्याची पातळी एरवी दोन-तीन महिन्यांनी, पण मार्च ते जून दर महिन्याला बघा, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी घातलं की क्षारांनी प्लेटा खराब होतात.

लाईट आहे, तरी इन्व्हर्टर बॅटरीवरच चालतो. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की गावाचा व्होल्टेज 170-180 पर्यंत खाली येतो. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर 180 च्या खालची लाईट तो नाकारतो आणि बॅटरी ओढत राहतो. संध्याकाळी खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. मागचं बटण ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ मोडवर करा. त्यात तो साधारण 100-110 पर्यंतचा व्होल्टेज चालवून घेतो. लॅपटॉपचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्ट सहज घेतो, त्यामुळे त्याला धोका नाही. मात्र डेस्कटॉप वापरत असाल तर इको मोडमध्ये बदलाच्या क्षणी तो रीस्टार्ट होऊ शकतो. त्याला छोटा यूपीएस वेगळा लावावा लागतो.

छतावर सोलर बसवलं तर हा प्रश्न सुटेल ना?

नाही. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. पीएम सूर्यघर योजनेतलं नेहमीचं ऑन-ग्रिड सोलर (3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान) लाईन गेली की स्वतःही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. बिल कमी होईल, बॅकअप मिळणार नाही. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो.

नेट किती स्पीडचं घ्यावं?

40-50 एमबीपीएसचं फायबर पुरे. एका व्हिडिओ कॉलला 3-4 एमबीपीएस लागतात. डाऊनलोडपेक्षा अपलोड किती मिळतं ते विचारा आणि स्पीड टेस्ट संध्याकाळी आठला करा, जेव्हा गल्लीतले सगळे नेटवर असतात.

लाईट गेल्यावर राऊटर चालू असूनही नेट जात असेल, तर केबलवाल्याच्या गल्लीतल्या डब्याला बॅकअप नाही. कनेक्शन घेण्यापूर्वी त्याला हेच विचारा: ‘लाईट गेल्यावर तुमचा डबा किती वेळ चालतो?’ राऊटरवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा वायर तुटली आहे. रीस्टार्ट करून उपयोग नाही, तक्रारच नोंदवा. महामार्ग किंवा पाण्याच्या पाईपलाईनचं काम निघालं की जेसीबीने फायबर तुटणं ठरलेलंच.

म्हणून दुसरी सोय मोबाईल हॉटस्पॉटची, आणि सिम वेगळ्या कंपनीचं. व्हिडिओ कॉल तासाला साधारण 1 ते 2 जीबी खातो, त्यामुळे अशा दिवशी कॅमेरा बंद ठेवतो असं टीमला सांगून टाका. धाब्याच्या किंवा जाड भिंतींच्या घरात आतल्या खोलीत सिग्नल पोहोचत नाही. राऊटर ओट्याकडच्या खोलीत असेल तर लॅन केबल आत ओढून घ्या. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की राऊटरचा अडॅप्टर आणि लॅपटॉपचा चार्जर, दोन्ही बोर्डातून काढा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घाला. काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

मे महिन्यात 44-45 अंशांत दिवसभर कसं बसायचं?

बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. त्यापुढे ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, आणि दुपारी दोनला सगळं हँग झाल्यासारखं वाटतं. तळाला हवा लागेल असा स्टँड, आतली धूळ वर्षातून एकदा साफ, आणि गादीवर ठेवून काम अजिबात नाही.

कूलरची हवा थेट लॅपटॉपवर घेऊ नका. समोरची खिडकी वीतभर तरी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. कूलर 150-200 वॅट ओढतो, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर ठेवायचा की नाही हे आधीच ठरवा. आवाजासाठी माईक तोंडाजवळ येणारा हेडसेट लागतो, कानातल्या इअरफोनने भागत नाही. आणि जमत असेल तर कामाची वेळच पुढे-मागे मागून घ्या: सकाळी सात ते अकरा आणि मग चारनंतर. ऑफिसच्या एसीचा फायदा उन्हाळ्यात खरा आहे. ज्यांना महिन्यातला एक आठवडा ऑफिसात काढायचा आहे त्यांनी तो मेमध्ये दोनदा घ्यायला हरकत नाही.

पाठ-मान दुखायला लागली आहे.

पलंगावर मांडी घालून काम केलं तर दुखणारच. टेबल 28 ते 30 इंच, खुर्चीची बैठक 17-18 इंच, पाय जमिनीला टेकलेले. लॅपटॉप चार-पाच इंच उंच ठेवून कीबोर्ड-माऊस वेगळा जोडा, म्हणजे मान झुकत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठा.

घरच्यांना वाटतं घरी आहे म्हणजे मोकळा आहे. काय करावं?

हा प्रश्न तंत्राचा नाही, पण काम याच्यानेच सगळ्यात जास्त बुडतं. ‘घरच शे ना तू?’ म्हणत काका पीकविम्याचा फॉर्म घेऊन येतात, आई गॅसवाल्याला दार उघडायला सांगते, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांना मळ्यात सोडून यायचं असतं. कोणाचंच चुकत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर बसलेला माणूस कामावर आहे असं कधी पाहिलेलं नसतं.

समजावण्यापेक्षा रचना बदला. काम एका ठराविक खोलीत, दार लावून. सकाळी अंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून बसा. घरातल्या मोठ्या माणसांवर याचा परिणाम शब्दांपेक्षा जास्त होतो. कॉलच्या वेळा लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावा. फॉर्म भरून द्यायचेच असतील तर संध्याकाळी सातनंतर, आणि तेवढं मात्र मनापासून करा. आखाजी आणि कानबाईला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्या दिवसांची रजा महिनाभर आधी टाकून ठेवा, पाहुण्यांच्या गर्दीत काम करायचा हट्ट धरू नका.

सोयरीक जुळवताना ‘मुलगा घरीच असतो’ म्हणून नकार येतो.

येतो, आणि मुलांना तो लागतो. पाहुण्यांसमोर पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र आणि फॉर्म 16 ठेवायला लाजू नका. मध्यस्थाला ‘घरी असतो’ऐवजी कंपनीचं नाव आणि हुद्दा सांगायला सांगा. आणि मुलीच्या नोकरीचाही विचार त्याच बैठकीत करा: तुम्ही गावी राहणार असाल तर ती कुठे काम करणार, हे लग्नानंतर काढायचा विषय नाही.

बाळंतपणानंतर घरून काम मागता येतं का?

मागता येतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्परसंमतीने घरून काम देण्याची तरतूदही आली. संमतीने म्हणजे कंपनीवर सक्ती नाही. म्हणून रजेवर जाण्याआधीच मेलवर बोलून ठेवा. माहेरी राहून काम करणार असाल तर एक गोष्ट पक्की करा: कामाच्या तासांत बाळ दुसऱ्या कोणाकडे असेल. बाळ सांभाळून पूर्ण वेळ नोकरी करता येईल असं मानलं जातं, आणि त्यात बाईची रात्रीची झोप जाते.

आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस, बाकी गावाहून: जमेल का?

दर आठवड्याला नाही. जळगाव ते पुणे रस्त्याने 400 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि रेल्वे मनमाड-दौंडमार्गे वळसा घेते. चार-सहा आठवडे जमतं, मग तब्येत बोलायला लागते. महिन्यातून सलग एक आठवडा ऑफिस, असं मागा. टीमच्या बैठका त्याच आठवड्यात लावून घ्या, नाहीतर पुण्यात जाऊनही कॉलवरच बसाल.

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकरांना मुंबईसाठी रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत. पुण्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि आझाद हिंदसारख्या मोजक्याच सोयीच्या, आणि त्या भरलेल्या असतात. आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं. पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा ठरल्या की त्याच दिवशी तिकीट काढा. चोपडा, शिरपूर, शहाद्याहून आधी बसने रेल्वे गाठावी लागते, ते तास धरून चाला. नंदुरबार-नवापूरकरांनी सुरतेतल्या कंपन्याही बघाव्यात. पुण्यापेक्षा ते कितीतरी जवळ आहे.

घरी खोलीच नाही. दुसरा काही मार्ग?

जळगाव-धुळ्यात को-वर्किंगच्या जागा मिळतात. तालुक्याच्या गावात अभ्यासिका असतात, स्वस्त आणि शांत, पण तिथे कॉल घेता येत नाही. ज्यांचं काम लिहिण्या-तपासण्याचं आहे त्यांना चालतात. तिघा-चौघांनी मिळून बाजारपेठेबाहेर एक गाळा किंवा फ्लॅट भाड्याने घेऊन इन्व्हर्टर-फायबर वाटून घेणं सगळ्यात चांगलं; एकटेपणाचाही प्रश्न सुटतो.

गावी जाण्याआधी कंपनीकडून काय लेखी घ्यावं?

मेलवर एवढं आलंच पाहिजे: घरून काम कायमचं की ठराविक मुदतीचं; ऑफिसात बोलावल्यास किती दिवसांची सूचना; त्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोणाचा; लॅपटॉप बिघडल्यास कुरिअर कोण पाठवणार. तोंडी शब्दावर पुण्याची खोली सोडू नका. साहेब बदलले की शब्दही बदलतो, आणि बोलावणं आलं तर डिपॉझिट भरून नवी खोली शोधायला दोन आठवडे लागतात. पहिले तीन महिने खोलीचा एक वाटा चालू ठेवता आला तर ठेवा.

‘घरबसल्या टायपिंग करा, रोज 2,000 कमवा’ अशा जाहिराती खऱ्या असतात का?

नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा मालक नसतो, एवढी एकच खूण पुरेशी आहे. नोंदणी फी, ट्रेनिंग किट, ‘करार मोडला म्हणून’ वकिलाची नोटीस, हा एक प्रकार. दुसरा टेलिग्रामवरचा: व्हिडिओ लाईक करायचे, पहिल्या दिवशी 150-200 रुपये खरोखर खात्यात येतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी आधी पैसे भरायला लावतात आणि ते परत मिळत नाहीत. सुरुवातीला मिळालेल्या त्या रकमेमुळेच शिकलेली माणसंही फसतात. कोणी तुमचं बँक खातं ‘कंपनीच्या व्यवहारासाठी’ वापरायला मागितलं तर मुळीच देऊ नका. चोरीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. हाताशी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. चॅट डिलीट करू नका, आणि ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्या फोनला उत्तर देऊ नका; तो बहुधा त्याच टोळीतला असतो.